सायकलीचा सातबारा

आपल्या देशात जमिनीच्या लहानशा तुकड्याचीही सरकारदरबारी नोंद असते. तिच्यावर कोणाचे नाव आहे, कोणाचा बोजा आहे, पीक कोणते घेतले, हे सारे सातबाऱ्यावर किंवा त्याच्या त्या त्या प्रांतातील भावंडावर वाचता येते. मोटारीला आणि स्कूटरला क्रमांकाची पाटी असते. गायीम्हशींच्या कानात आता बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला असतो. खिशातल्या मोबाइलला पंधरा अंकी ओळख असते आणि मे २०२३मध्ये केंद्र सरकारने ‘संचार साथी’ हे संकेतस्थळ सुरू केल्यापासून चोरीला गेलेला मोबाइल देशभरातील जाळ्यांवर बंद पाडण्याची सोय सामान्य माणसाच्या हाती आली आहे. या सगळ्या नोंदवह्यांतून एक वस्तू मात्र निसटली आहे. ती म्हणजे सायकल.

ही वस्तू दुर्मीळ आहे, असे मुळीच नाही. २०११च्या जनगणनेनुसार देशातील जवळजवळ ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. तेव्हा स्कूटर किंवा मोटारसायकल असलेली कुटुंबे २१ टक्के होती आणि चारचाकी बाळगणारी पाच टक्क्यांहूनही कमी. म्हणजे ज्या वाहनाचा आधार सर्वाधिक घरांना होता, त्याच्या मालकीची लेखी खूण बहुतेकदा दुकानदाराच्या पावतीपलीकडे नव्हती. आणि ती पावतीही पहिल्या पावसाळ्यात विरून जाते. सायकल चोरीला गेली की मालकाजवळ उरतो तो त्याचा शब्द, आणि तुटलेले कुलूप.

हा विषय मी राहतो त्या बंगळूरु शहरात गेली काही वर्षे वारंवार चर्चेला येतो. या शहराचे सायकलशी असलेले नाते जुने आणि काहीसे विसंगत आहे. एकेकाळी येथील सार्वजनिक कारखान्यांच्या फाटकांतून पाळी सुटताना कामगारांचे सायकलींचे लोंढे बाहेर पडत. पुढे रस्ते रुंद झाले, उड्डाणपूल आले आणि सायकल कडेला ढकलली गेली. मग माहिती तंत्रज्ञानाच्या पिढीने तिला नव्या रूपात परत आणले. आज रविवारी पहाटे नंदी हिल्सच्या रस्त्यावर हेल्मेट घातलेल्या सायकलस्वारांच्या रांगा दिसतात. कब्बन पार्कमध्ये २०१३ साली नागरी भू-वाहतूक संचालनालय आणि नागरिकांचे गट यांनी मिळून ‘सायकल दिन’ सुरू केला आणि नंतर तो अनेक वस्त्यांत पोहोचला. २०२०च्या टाळेबंदीनंतर बाह्य वळण रस्त्यावर सायकलींसाठी तात्पुरती मार्गिकाही आखली गेली. तिचे पुढे जे झाले ते आपल्याकडील बहुतेक सायकल मार्गिकांचे होते तेच: दुचाक्या तिच्यात शिरल्या आणि दुभाजकाचे खुंट हळूहळू नाहीसे झाले.

सायकली वाढल्या तशा चोऱ्याही वाढल्या, यात नवल नाही. नवल वाटावे असे आहे ते सायकलस्वारांनी आपापसांत उभे केलेले शोधकार्य. माझ्या मोबाइलवर असे संदेश अनेकदा येऊन पोहोचतात. त्यांत सायकलीचे छायाचित्र असते, सांगाड्यावरचा क्रमांक असतो, ओळख पटवणारी एखादी खूण असते: मडगार्डवरचा ओरखडा, बदललेले सीट, मुलाने चिकटवलेले चित्र. कोणत्या दिवशी, कोणत्या वस्तीतून सायकल गेली, हेही असते. हा संदेश एका गटातून दुसऱ्या गटात जातो, तेथून दुरुस्तीच्या दुकानांत आणि वसाहतींच्या रहिवासी संघांत पोहोचतो. काही स्वयंसेवक जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळांवर रोज नजर टाकतात. अर्ध्याहून कमी किमतीत, पावतीविना, घाईने विकायला काढलेली महागडी सायकल दिसली की ते छायाचित्रे ताडून पाहतात. खूण जुळली तर मालकाला कळवले जाते आणि मालक पोलिसांकडे जातो.

यात तंत्रज्ञान म्हणावे असे फारसे काही नाही. मुळात हे काम शेजारधर्माचे आहे. आपल्याकडे पितळेच्या भांड्यांवर नाव घालून घेण्याची पद्धत होती. लग्नकार्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांची भांडी एकत्र आली तरी प्रत्येकाचे पातेले त्याच्या घरी परत जाई, कारण त्याच्या काठावर नाव कोरलेले असे आणि ते वाचणारे लोक ओळखीचे असत. सायकलींची नोंद ठेवणारे हे गट नेमके तेच करू पाहतात. अडचण एवढीच की सव्वा कोटीच्या आसपास पोहोचलेल्या महानगरात वाचणारे लोक ओळखीचे राहिलेले नाहीत. म्हणून नाव कोरणे पुरेसे होत नाही. ते कोठे तरी लिहून ठेवावे लागते आणि कोणालाही पडताळता यावे लागते.

नाव कोरायला जागा तर आयतीच आहे. बहुतेक सायकलींच्या सांगाड्यावर, पायडलची दांडी ज्या आडव्या नळीतून जाते तिच्या खालच्या बाजूला, कारखान्याने ठोकलेला एक क्रमांक असतो. सायकल उलटी केली, चिखल पुसला की तो दिसतो. काही सायकलींवर तो सीटखालच्या किंवा हँडलजवळच्या नळीवर असतो. मी ओळखीच्या सायकलधारकांना त्यांचा हा क्रमांक विचारून पाहिला आहे. तो सांगू शकणारे फारच थोडे निघाले. या क्रमांकाला एक मर्यादाही आहे. मोटारीच्या सांगाड्यावरील सतरा अक्षरांचा क्रमांक जगभर एका पद्धतीने बांधलेला असतो. सायकलीच्या क्रमांकाला तशी सर्वमान्य पद्धत नाही. दोन कंपन्यांचे क्रमांक सारखे असू शकतात. कानस घेतली तर ते घासून काढता येतात आणि रंगाचा हात फिरवला तर झाकताही येतात. म्हणून क्रमांक, छायाचित्र आणि खासगी खूण अशी तिहेरी नोंद लागते. या तीनही गोष्टी टिपायला पाच मिनिटे पुरतात. मात्र ती पाच मिनिटे चोरीच्या आधीची असावी लागतात.

नोंदीचा खरा उपयोग केवळ चोर पकडण्यापुरता नसतो. त्याहून मोठा उपयोग चोरीच्या मालाचा बाजार अवघड करण्याचा असतो. चोराला सायकल चालवायची नसते, विकायची असते. भारतीय न्याय संहितेच्या ३१७व्या कलमानुसार चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना तो घेणे, हाही गुन्हा आहे. आज जुनी सायकल घेणारा सहज म्हणू शकतो, की मला कसे कळणार? कळण्याचे साधनच नसल्यामुळे त्याचे म्हणणे खोडता येत नाही. उद्या क्रमांक टाकून क्षणात पाहता येईल अशी नोंदवही असली, तर प्रामाणिक ग्राहक ती पाहील आणि अप्रामाणिक ग्राहकाची सबब संपेल. मोटार वाहनांसाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने ‘वाहन समन्वय’ नावाची अशी सोय केली आहे. जुनी मोटारसायकल घेण्यापूर्वी ती चोरीची आहे का, हे तिच्यावरून तपासता येते. सायकलींसाठी तसे काही उभारणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच कठीण नाही.

मग घोडे अडले आहे कोठे? त्याचे उत्तर, माझ्या मते, कायद्याच्या एका ओळीत आहे. तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही.

१ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. जुन्या कायद्यात चोरी ही चोरी होती. वस्तू शंभर रुपयांची असो वा लाखाची, गुन्हा दखलपात्र होता, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येत असे. नव्या संहितेच्या ३०३व्या कलमाने पाच हजार रुपयांची रेघ ओढली. चोरलेल्या वस्तूची किंमत त्याहून कमी असेल, गुन्हेगार प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर त्याला तुरुंगाऐवजी सामुदायिक सेवेची शिक्षा मिळेल, असे हे कलम म्हणते. या तरतुदीमागील हेतू मला मान्य आहे. पोटासाठी केलेल्या क्षुल्लक चोरीबद्दल माणसाने कारागृहात सडावे, असे कोणाही विवेकी नागरिकाला वाटणार नाही.

परंतु या रेघेचा दुसरा परिणाम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टात दडलेला आहे. पाच हजारांहून कमी किमतीच्या वस्तूची चोरी तेथे अदखलपात्र ठरवली आहे. त्याच संहितेच्या १७४व्या कलमानुसार अदखलपात्र गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना करता येत नाही. ठाण्यातील वहीत नोंद होते, फिर्यादीला दंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगितले जाते आणि प्रकरण तेथेच थांबते. तीन हजारांच्या सायकलीसाठी दोन दिवसांची मजुरी बुडवून न्यायालयाची पायरी कोण चढणार?

आता ही रेघ प्रत्यक्षात कोणावर ओढली गेली, ते पाहा. परदेशी बनावटीची, कार्बनच्या सांगाड्याची सायकल लाखाच्या घरात जाते. तिची चोरी निःसंशय दखलपात्र आहे. साधी, काळी, मागे कॅरियर असलेली सायकल नवी असताना या रेघेच्या आसपास असते. दोन वर्षे वापरली की खाली उतरते. दूधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला, बांधकामावरचा गवंडी, रात्रपाळीचा पहारेकरी यांच्या सायकली बहुधा जुन्या घेतलेल्या असतात. त्या जवळजवळ सगळ्याच रेघेखाली आहेत. विसंगती येथेच संपत नाही. ३०५व्या कलमानुसार राहत्या किंवा माल ठेवण्याच्या इमारतीतून झालेली चोरी, वस्तूची किंमत काहीही असली तरी, दखलपात्र आहे. ज्याच्या इमारतीला तळघर आणि फाटक आहे, त्याची स्वस्त सायकल आत असताना गेली तर ती या कलमाच्या छत्राखाली येऊ शकते. ज्याला ती विजेच्या खांबाला साखळीने बांधावी लागते, त्याच्या डोक्यावर ते छत्र नाही. म्हणजे चोरी एकच, पण तिचे गांभीर्य मालकाच्या छपरावरून ठरते.

माझ्या परिचयातील एका पहारेकऱ्याचे उदाहरण देतो. त्याचे आणि संबंधित ठाण्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. ही कथा कोणत्याही शहरात घडू शकते. त्याने अडीच हजार रुपयांना जुनी सायकल घेतली होती. घरापासून कामाचे ठिकाण सात किलोमीटरवर. पाळी संपे तेव्हा बस सुरू झालेली नसे. कर्नाटकात जून २०२३पासून महिलांना सरकारी बसप्रवास मोफत आहे आणि त्याचा लाभ त्याच्या पत्नीला होत होता. त्याला स्वतःला मात्र तिकीटही परवडत नव्हते आणि त्या वेळी बसही नव्हती. एका पहाटे सायकल जागेवर नव्हती. ठाण्यातील हवालदाराने त्याला हिडीसफिडीस केले नाही. त्याने पावती मागितली, ती नव्हती. क्रमांक विचारला, तो ठाऊक नव्हता. सायकल कशी होती, असे विचारल्यावर पहारेकऱ्याने वर्णन केले ते त्या शहरातील हजारो सायकलींना लागू पडले असते. शेवटी ‘हरवल्याची’ नोंद करण्याचा सल्ला मिळाला. हरवलेली वस्तू कोणी शोधत नसतो. पुढचे दोन महिने तो माणूस येताजाता पायी चालला आणि नंतर घराजवळचे, कमी पगाराचे काम धरून मोकळा झाला.

या प्रसंगात खलनायक कोणी नाही, हेच मला अधिक अस्वस्थ करते. हवालदाराच्या हाती शोधायला धागाच नव्हता, आणि असता तरी कायद्याने त्याचे हात बांधलेले होते. सायकलस्वारांच्या ज्या गटांचे मी वर कौतुक केले, त्यांच्या संदेशांत या पहारेकऱ्याची सायकल कधीच आली नसती. त्या गटांत तो नव्हता, त्यांची भाषा त्याला येत नव्हती आणि त्याच्या सायकलीचे एकही छायाचित्र कोणाकडे नव्हते. लोकांनी उभारलेली नोंदवही लोकांतल्या एका थरापुरतीच राहण्याचा हा धोका आहे.

वाचकांपैकी ज्येष्ठांना येथे एक जुनी गोष्ट आठवेल. सायकलींची नोंद करणे ही आपल्याकडे नवी कल्पना नाही. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, त्या काळातील माझे मित्र नगरपालिकेच्या बिल्ल्याची आठवण अजून काढतात. सायकलीवर वार्षिक कर असे आणि तो भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला सायकलीवर लावावा लागे. बिल्ला नसला, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसले, की चौकातला शिपाई अडवत असे आणि मग गल्लीबोळांतून पळ काढण्याचे कौशल्य कामी येई. अशा करास घटनेचाही आधार आहे. सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत वाहनांवरील कर राज्यांकडे दिला आहे आणि वाहन यंत्रावर चालणारे असो वा नसो, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. पुढे कर वसुलीचा खर्च आणि उत्पन्न यांचा मेळ बसेना, स्कूटरींचे युग आले आणि बिल्ले कालबाह्य झाले.

त्या बिल्ल्याबद्दल हळहळ वाटण्याचे कारण नाही. तो मालकाच्या संरक्षणासाठी नव्हता, तिजोरीसाठी होता. दंडाची भीती नेहमी गरीब सायकलस्वाराच्याच वाट्याला येई. म्हणून सक्तीची नोंदणी असे कोणी म्हटले की माझ्या मनात शंका उभी राहते. ज्या देशात फेरीवाल्याकडे परवान्याचा कागद नसणे हे हप्त्याचे निमित्त ठरते, तेथे सायकलीचा कागद नसणेही तसेच ठरणार नाही याची हमी कोण देणार? नोंद हवी, पण ती विनामूल्य, ऐच्छिक आणि मालकाच्या बाजूची हवी. ती नसल्याबद्दल रस्त्यात कोणालाही अडवता येऊ नये.

इतर देशांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे शोधली आहेत. जपानमध्ये १९९४पासून सायकलींची गुन्हेप्रतिबंधक नोंदणी बंधनकारक आहे. दुकानातच अर्ज भरला जातो, थोडे शुल्क घेतले जाते आणि सांगाड्यावर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली जाते. नोंदणी न केल्यास दंड मात्र नाही. स्थानकाबाहेर बेवारस पडलेली सायकल मालकापर्यंत पोहोचते ती या चिठ्ठीमुळे. फ्रान्सने १ जानेवारी २०२१पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या सायकलीवर ओळख क्रमांक असणे विक्रेत्यावर बंधनकारक केले आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून व्यावसायिकांनी विकलेल्या जुन्या सायकलींनाही तो नियम लावला. तेथे सक्तीचा भार दुकानदार उचलतो, सायकलस्वार नव्हे, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. अमेरिकेत सरकारने काही केले नाही, तेव्हा नागरिक पुढे आले. २०१३मध्ये उभी राहिलेली ‘बाइक इंडेक्स’ ही ना-नफा नोंदवही कोणालाही विनामूल्य वापरता येते. तिच्या स्वयंसेवकांनी कॅलिफोर्नियातून चोरलेल्या महागड्या सायकली सीमेपलीकडे मेक्सिकोतील हालिस्को राज्यात विकल्या जात असल्याचा माग काढला. लोकांनी चिकाटीने ठेवलेली नोंद कोठवर पोहोचू शकते, हे त्यावरून दिसते.

मात्र लोकांनी चोर शोधायला निघणे यात एक धोकाही आहे आणि तो आपल्या देशात विशेष आहे. संदेशाबरोबर संशयिताचे छायाचित्र पसरते, कोणी तरी एखाद्या भंगारवाल्याला किंवा कचरा वेचणाऱ्या पोराला हटकतो, गर्दी जमते आणि निवाडा तेथेच होतो. २०१८ साली मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवांनी देशात किती बळी घेतले, हे आपण विसरता कामा नये. त्या वर्षी बंगळूरुतही असाच एक निरपराध माणूस जमावाच्या मारहाणीत गेला आणि महाराष्ट्रात धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाच भिक्षेकऱ्यांची हत्या झाली. म्हणून नोंदवहीचा पहिला नियम असा असावा, की तिच्यात सायकलीची माहिती असेल, माणसाची नसेल. सायकल सापडली तर पत्ता पोलिसांना द्यावा आणि स्वयंसेवकाने तेथे थांबावे. मालकाचे नाव, घर, फोन यांपैकी काहीही जाहीर दिसू नये. नाही तर चोरालाच घराचा पत्ता आयता मिळायचा.

चोरांविषयी बोलताना आणखी एक प्रसंग मनातून जात नाही. मे २०२०मध्ये, टाळेबंदीच्या काळात, लाखो मजूर पायी गावाकडे निघाले होते. राजस्थानातील भरतपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात एका घराच्या ओसरीवरून सायकल नाहीशी झाली आणि तिच्या जागी एक चिठ्ठी सापडली. उत्तर प्रदेशातील बरेलीला निघालेल्या एका मजुराने ती लिहिली होती. मुलगा अपंग आहे, त्याला चालता येत नाही, जाण्याचे दुसरे साधन नाही, म्हणून सायकल नेत आहे, अशा आशयाची क्षमायाचना तिच्यात होती. मालकाने तक्रार केली नाही. वृत्तपत्रांनी ही हकिगत करुण कथा म्हणून छापली आणि ती तशी होतीही. पण तिच्यात एक साधे सत्य सांगितले आहे. घेणारा आणि ज्याची गेली तो, दोघांनाही सायकलीची खरी किंमत ठाऊक होती. ती रुपयांत मोजण्याजोगी नव्हती.

ही किंमत अर्थशास्त्रज्ञांनीही मोजली आहे. बिहारने २००६ साली नववीतील मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात आढळले, की त्यामुळे योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे-मुलींमधील दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. त्याच सुमारास कर्नाटकाने आठवीतील विद्यार्थ्यांना सायकली देण्यास सुरुवात केली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली खेड्यांतील मुलींना सायकली मिळतात. सरकार स्वतः जी वस्तू शिक्षणाचे साधन म्हणून वाटते, तीच चोरीला गेल्यावर कायद्याच्या दृष्टीने क्षुल्लक ठरते. ज्या मुलीची सायकल जाते, तिची शाळाही जाण्याची शक्यता असते, आणि त्या नुकसानीचा आकडा कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

तेव्हा करायचे काय? उपाय फार खर्चिक नाहीत. पहिला दुकानात आहे. सायकल विकताना पावतीवर सांगाड्याचा क्रमांक लिहिणे आणि त्याची प्रत ग्राहकाच्या मोबाइलवर पाठवणे दुकानदारांवर बंधनकारक करता येईल. सरकारी योजनेतील सायकलींची नोंद तर वाटपाच्या यादीतच, मुलीच्या नावापुढे, व्हायला हवी. दुसरा उपाय पोलिसांच्या संगणकीय जाळ्यात आहे. गुन्हे आणि गुन्हेगार यांच्या माहितीचे हे जाळे २००९मध्ये मंजूर झाले आणि आज देशातील ठाणी त्याला जोडलेली आहेत. चोरीच्या सायकलींच्या क्रमांकाचा एक शोधता येणारा रकाना जनतेसाठी खुला केला, तर नागरिकांच्या नोंदवह्यांना अधिकृत आधार मिळेल. तिसरा उपाय परत करण्याचा आहे. जप्त केलेल्या सायकली ठाण्यांच्या आवारात गंजत पडतात, कारण मालक कोण हे माहीत नसते. ताब्यातील वस्तू गरजेपेक्षा अधिक काळ अडकवून ठेवू नयेत, त्यांची छायाचित्रे आणि पंचनामा करून त्या परत कराव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ सालीच सांगितले आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४९७व्या कलमाने तर त्यासाठी दिवसांची मुदतही घालून दिली आहे. प्रत्येक ठाण्याने आवारातील सायकलींचे क्रमांक आणि छायाचित्रे दरमहा प्रसिद्ध केली, तरी कित्येक घरांत सायकल परत येईल.

चौथा उपाय संसदेच्या हाती आहे. पाच हजारांच्या रेघेमुळे शिक्षा सौम्य झाली, ती तशीच राहू द्यावी. पण तपासाचा अधिकार त्या रेघेला बांधू नये. निदान उपजीविकेचे किंवा शिक्षणाचे साधन असलेल्या वस्तूची चोरी दखलपात्र ठेवावी. शिवणयंत्र, हातगाडी, सुताराची हत्यारे आणि सायकल यांची बाजारातील किंमत कमी असली तरी त्यांच्यावर चूल पेटत असते. चोराशी दयाळूपणे वागणे आणि ज्याची वस्तू गेली त्याला वाऱ्यावर सोडणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. कायद्याने त्या एकाच वाक्यात बांधल्या आहेत.

या सगळ्यास वेळ लागेल, हे मी जाणतो. तोवर बंगळूरुतील सायकलस्वारांनी जे काम आपणहून हाती घेतले आहे, त्याचा परीघ वाढवणे शक्य आहे. ज्या वसाहतींचे रहिवासी आपल्या सायकलींची नोंद करतात, त्यांनी त्याच फाटकातून आत येणाऱ्या पहारेकऱ्याच्या, घरकाम करणाऱ्या बाईंच्या मुलाच्या, दूधवाल्याच्या सायकलीही एका रविवारी उलट्या कराव्यात, चिखल पुसावा, क्रमांक लिहून घ्यावा, छायाचित्र काढावे आणि त्यांची एक प्रत मालकाला द्यावी. पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात, बेळगावातही हे करता येईल. त्यासाठी परवानगी लागत नाही, निधी लागत नाही आणि कोणत्याही कायद्यात बदल होण्याची वाट पाहावी लागत नाही. ज्याच्याकडे जमिनीचा तुकडा नाही, त्याला सातबारा मिळणार नाही. पण त्याची जी काही मालमत्ता आहे, ती त्याची आहे असे सांगणारा एक लेखी कागद तरी त्याच्या हाती असायला हवा.